टकाचोरावरचा खोटा आळ

परवा मामांनी मला एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘आपल्या आंब्यावरचे घरटे रविवारी पाडतो.’ संदेशाचे म्हणणे असे की, टकाचोर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी नाणी आणि दागिने पळवून घरट्यात साठवतो, वाघाचे दात कोरतो आणि इतर पक्ष्यांची पिल्ले संपवतो. म्हणून त्याचे घरटे दिसेल तिथे पाडावे.

‘टका’ म्हणजे नाणे, हे खरे. पण नाव हा चोरीचा पुरावा कसा होईल? त्याच कुळातल्या मॅगपाय या पक्ष्यावर युरोपात हाच आळ आहे आणि एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली तो तपासून पाहिला. त्यांनी खाद्याशेजारी चकचकीत स्क्रू आणि फॉइलचे तुकडे ठेवले, तेव्हा ६४ चाचण्यांत पक्ष्यांनी अशी वस्तू केवळ २ वेळा उचलली, तीही लगेच टाकून दिली. उलट त्या वस्तूंजवळ खायलाच ते बिचकत होते. टकाचोराचे वाऱ्याने पडलेले एक घरटे मी स्वतः उसकटून पाहिले आहे. काटेरी काटक्यांची उथळ वाटी आणि आत बारीक मुळ्यांचे अस्तर, याखेरीज त्यात काही नव्हते.

वाघाच्या दातांची गोष्ट फार ताणायला नको. वाघाने मारलेल्या जनावराचे उरलेसुरले मांस टकाचोर खातो, सांबराच्या अंगावरच्या गोचिड्याही टिपतो. त्यावरूनच ती रचलेली दिसते.

पिल्लांबद्दलचा आरोप मात्र पूर्ण खोटा नाही, हे मान्य करावे लागते. टकाचोर दुसऱ्यांची अंडी आणि पिल्ले खातो. पण कावळा आणि भारद्वाजही खातात, आणि त्याचे बाकीचे खाणे फळे, किडे, पाली-सरडे असे चौफेर आहे. संताप येतो तो यापुढच्या सल्ल्याचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणे येते, म्हणजे हा संदेश लोकांना सरळ गुन्हा करायला सांगतो आहे. शिवाय ज्या सोंड्या भुंग्याने मामांचे दोन माड पोखरून आडवे केले, त्याच्या अळ्या टकाचोर खातो आणि म्हणूनच दक्षिण भारतातल्या माडांच्या बागांना तो उपकारक मानला जातो.

आंब्यावरची जोडी आळीपाळीने चोचीत किडे घेऊन येते, म्हणजे घरट्यात पिल्ले आहेत. मामा, त्या फांदीला काठी लावू नका.