योशीया राजाच्या सुधारणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

यहूदाचा राजा योशीया याच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं: बायबलच्या जुन्या करारातलं '२ राजे' हे पुस्तक सांगतं की योशीयाच्या राज्याच्या १८व्या वर्षी यरुशलेमेच्या मंदिरात नियमशास्त्राचा (मोशेच्या धर्मनियमांचा) ग्रंथ सापडला, आणि मग राजाने वेद्या-मूर्ती फोडल्या. त्याच करारातलं '२ इतिहास' सांगतं की फोडाफोडी १२व्या वर्षीच सुरू झाली होती. तेव्हा दोहोंपैकी एक खोटं, आणि "लेखकाने ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून कधी वाचलेलीच दिसत नाहीत."

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हे शेवटचं वाक्य मतभेदाचं नाही, ते माणसाला कमी लेखणारं आहे. शिवाय ते आपण नाव न देता लिहिलंत. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) होते. घरात रोज रात्री उपासना व्हायची, आणि 'राजे' पुस्तकातला अध्याय झाला की 'इतिहास' पुस्तकातला त्याच्या जोडीचा अध्याय आम्हा मुलांनी काढून वाचायचा, हा वडिलांचा शिरस्ता. ८ (या वर्षी योशीया देवाला शोधू लागला, असं '२ इतिहास' सांगतं), १२ आणि १८ ही वर्षं मला तेव्हापासून पाठ आहेत. पुढे अभ्यासवर्गांतून हेच अध्याय मी शिकवत आलो. त्यामुळे वाचलं नसल्याचा आरोप मला लागला, आणि लागला हे मी लपवत नाही.

आता मुद्दा. आपण '२ राजे'च्या वृत्तांताला रोजनिशी समजून चालला आहात. ती रोजनिशी नाही, आणि याचा पुरावा त्या वृत्तांतातच आहे. १८व्या वर्षी ग्रंथ सापडतो, हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं जातात, वडीलजन जमतात, करार होतो. मग गेबापासून बैरशेब्यापर्यंतची, म्हणजे यहूदाच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतची, उच्च स्थाने (टेकड्यांवरची पूजास्थानं) भ्रष्ट होतात, बेथेलची वेदी पाडली जाते, उत्तरेकडच्या शोमरोनच्या नगरांतली देवळं हटवली जातात. आणि त्याच १८व्या वर्षी वल्हांडण हा सण होतो. वल्हांडण पहिल्या, म्हणजे वसंतातल्या, महिन्याच्या १४व्या दिवशी. राज्याचं वर्ष वसंतात सुरू होतं असं धरलं, तर एवढ्या सगळ्याला जेमतेम दोन आठवडे मिळतात. शरद ऋतूपासून मोजलं तरी फार तर सहा महिने! त्या काळात, पायी आणि गाढवांवरून! म्हणजे '२ राजे'च्या लेखकाने अनेक वर्षांचं काम ग्रंथाच्या प्रसंगाभोवती एकत्र बांधलं आहे. '२ इतिहास'च्या लेखकाने तेच काम वर्षवारीने मांडलं.

आणखी एक. ग्रंथ सापडला तो मंदिराची डागडुजी चालू असताना, आणि त्यासाठीचा पैसा द्वारपाळांनी लोकांकडून आधीच गोळा केलेला होता. हे २ राजे २२:४ मध्येच आहे, '२ इतिहास'ची साक्ष काढावी लागत नाही. ग्रंथ हाती येण्याआधी राजाचं मन वळलेलं नव्हतं, तर हा पैसा कशासाठी जमत होता? याला आपल्या प्रतिक्रियेत उत्तर नाही.

'२ इतिहास' हा ग्रंथ यहूद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचा आहे, हे मात्र आपलं बरोबर. त्याचा शेवटच पारसाचा राजा कोरेश याच्या फर्मानाने होतो. पण उशिरा लिहिलं म्हणजे रचलं, ही उडी आपली आहे. 'अनुवाद' (मोशेच्या नियमशास्त्राचं पाचवं पुस्तक) कोणी आणि कधी लिहिलं, मगिद्दोला योशीया मारला गेला तेव्हा मिसरचा राजा फारो नखो याच्या तोंडून देव बोलला होता का, हे प्रश्न आपण त्याच परिच्छेदात कोंबलेत. त्यांचा या वर्षांच्या हिशोबाशी संबंध नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. "भाविकांना पुराव्याशी काय घेणंदेणं" या वाक्याला तर मी उत्तर देणार नाही. ते चर्चेसाठी लिहिलेलं नाहीच.

तुम्हाला खरंच विसंगती हवी असेल, तर '२ राजे'मध्येच एक आहे, आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. योशीयाचा पणजोबा हिज्कीया राजा याने उच्च स्थाने काढून टाकली, असं २ राजे १८:४ म्हणतं. तरी २३:१३ मध्ये योशीया यरुशलेमेसमोरची उच्च स्थाने भ्रष्ट करतो, ती शलमोन राजाने अष्टारोथ, कमोश आणि मिलकोम या परक्या दैवतांसाठी बांधलेली. तीनेकशे वर्षं जुनी! हिज्कीयाचा मुलगा मनश्शे याने ती पुन्हा उभारली असं म्हणाल, तर मनश्शेच्या वेद्या आदल्याच वचनात त्याच्या नावानिशी वेगळ्या सांगितल्या आहेत. मग हिज्कीयाने काय काढलं होतं? माझ्या मते 'काढून टाकली' हे राजाच्या धोरणाबद्दलचं विधान आहे, डोंगरावरच्या प्रत्येक दगडाची मोजदाद नव्हे. एकाच ग्रंथात हे असं चालतं, तर दोन ग्रंथांत ते दिसलं की लगेच खोटेपणा कसा ठरतो?

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा आधी या १३व्या वचनाबद्दल लिहा, आणि खाली आपलं नाव लिहा.