मक्याचा केक आणि त्याचा ओलावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यातला राग मला समजतो. नारळ खवून दूध काढायचं, अंडी आणि लोणी घालायचं, तासभर ओव्हनसमोर थांबायचं आणि शेवटी वडी पडू नये, हे कुणालाही लागेल. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी तुमचं म्हणणं सांगते. ईशान्य ब्राझीलमध्ये जूनच्या सणाला ओल्या मक्याचा केक करतात. तिथे त्याला ‘बोलू दि मील्यू’ म्हणतात आणि त्याची कृती मी दिली होती. तुम्ही लिहिलंत की फ्रोझन स्वीटकॉर्न वापरून तो केला, तासभर भाजूनही सुरी ओलीच बाहेर आली, गरम असताना कापला तर आत लगदा होता, आणि मैद्याशिवाय केक होत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुढे लिहिलंत की साखर, नारळ, लोणी सगळं युरोपियनांनी नेलेलं, मग याला ‘पारंपरिक’ कसं म्हणायचं. शेवटचा आक्षेप अंड्यांचा: धार्मिक सणाचा गोड पदार्थ म्हणून अंड्याचा केक मांडणं तुम्हाला पटलं नाही.

सगळ्यात आधी मक्याबद्दल, कारण केक तिथेच बसतो किंवा फसतो.

कृतीत मी देशी मक्याची ओली कणसं लिहिली होती. स्वीटकॉर्नच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होण्याची क्रिया जनुकातल्या बदलामुळे अडलेली असते. त्यामुळे तो दाणा गोड आणि पाणीदार राहतो, उकडून खायला छान लागतो, पण वाटल्यावर त्यात बांधून धरणारं फारसं काही नसतं. ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या बाजारात जूनमध्ये जी कणसं येतात ती धान्याच्या मक्याची असतात, फक्त ओली असताना खुडलेली. दाणा चिकात भरलेला असतो, म्हणजे दुधाळपणा संपून दाट व्हायला लागलेला. हुरड्याची ज्वारी नेमक्या दिवसांत काढावी लागते, तसंच हे आहे. नखाने दाणा दाबला आणि पाण्यासारखं दूध उडालं तर कणीस कोवळं. नख रुतलंच नाही तर निबर, ते दळायला ठेवावं. नखाबरोबर दाट, चिकट चीक वर आला की ते कणीस केकचं.

या चिकातला स्टार्चच केक घट्ट करतो. तो साधारण 62 ते 72 अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो आणि थंड होताना घट्ट बसतो. ‘थंड होताना’ हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. हा केक ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा मध्यभागी थोडा हलतोच आणि सुरीला ओला थर लागतोच. मैद्याच्या केकची परीक्षा याला लावली तर माणूस घाबरून आणखी भाजतो, कडा करपतात आणि आत तरीही मऊच राहतं. तो पूर्ण गार होईपर्यंत, दोन-तीन तास तरी, भांड्यातच राहू द्यायचा. मग सुरी पाण्यात बुडवून कापायचा. वड्या जड, ओलसर, वरून तांबूस पडतात आणि तोंडात मक्याचाच स्वाद राहतो.

प्रमाण पुन्हा देते. अर्धा किलो दाणे, 200 मिली दाट नारळाचं दूध, तीन अंडी, 200 ते 250 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम वितळलेलं लोणी, चिमूटभर मीठ. सगळं मिक्सरमध्ये एकत्र फिरवायचं. पीठ पातळ दिसेल, बिघडलं की काय असं वाटेल इतकं पातळ. तसंच ओतायचं, पण भांड्यात दोन इंचांहून उंच नको. 180 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. तुमच्याकडे स्वीटकॉर्नच असेल तर अर्धा किलोला चार मोठे चमचे पिवळं मक्याचं पीठ घाला आणि साखर 150 ग्रॅमवर आणा. पीठ म्हणजे भाकरीचं. दुकानात कॉर्नफ्लोर म्हणून जी पांढरी शुभ्र पूड मिळते ती यात घालू नका, तिने केक रबरासारखा होतो.

मैद्याशिवाय हे सगळं धरत नाही असं अजूनही वाटत असेल तर पामोन्या करून बघा. तोच वाटलेला मका, नारळाचं दूध, साखर, मीठ. हे मिश्रण कणसाच्याच हिरव्या पानांच्या पुडीत भरायचं, बांधायचं आणि उकळत्या पाण्यात तासाभराच्या आत-बाहेर शिजवायचं. यात अंडं नाही, मैदा नाही, बेकिंग पावडर नाही. थंड झाल्यावर पुडी सोडली की आतला गोळा आकार धरून उभा राहतो. अंडी न खाणाऱ्यांना मी हेच सुचवेन. केकमधून अंडी काढून त्याजागी दही-सोडा घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आणि तुम्हाला जो हलका, फुगलेला केक अपेक्षित होता, तोही त्याच देशात आहे. आग्नेय ब्राझीलमध्ये, मिनास आणि सांव पावलूकडे, बारीक दळलेल्या कोरड्या मक्याच्या पिठात मैदा मिसळून बडीशेप घातलेला केक करतात. दुपारच्या कॉफीबरोबर तो फार चांगला लागतो. त्याची कृती मी जरूर देईन, पण तो दुसरा पदार्थ आहे. वर्षभर कधीही करता येतो. ओल्या मक्याचा केक तसा नाही, आणि मला त्यात मैदा घालायचा नाही याचं खरं कारण तिथेच आहे.

ईशान्य ब्राझीलचा आतला भाग, सेर्तांव, हा अवर्षणाचा मुलूख आहे. 1877 ते 1879 च्या दुष्काळात तिथे माणसं लाखांनी मेली. आजही तिथला शेतकरी 19 मार्चची वाट बघतो. तो संत जोसेफचा दिवस. त्या दिवसापर्यंत पाऊस झाला तर वर्ष चांगलं जाणार, अशी श्रद्धा आहे. त्याच सुमाराला मका पेरतात, म्हणजे तीन महिन्यांनी, जूनच्या चोवीस तारखेला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस येतो तेव्हा कणसं नेमकी चिकात असतात. पेरणी एका संताच्या दिवशी, पहिली कणसं दुसऱ्या संताच्या. मधल्या तीन महिन्यांत पाऊस दगा देणार नाही एवढीच प्रार्थना. अशा ठिकाणी ओल्या मक्याचा केक ताटात येणं म्हणजे यंदा पीक उभं राहिलं. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांत राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून मला त्यात मका सोडून दुसरं काही भरून केक फुगवणं पटत नाही.

जून महिन्यात तिथे तीन सण येतात: 13 तारखेला संत अँथनी, 24 ला संत योहान, 29 ला संत पीटर. मुख्य रात्र 23 ची. दारासमोर लाकडं रचून होळी पेटवतात. तिची कथा अशी सांगतात की योहानाची आई एलिझाबेथ हिने आपल्याला मुलगा झाल्याची खूण येशूची आई मरिया हिला कळावी म्हणून टेकडीवर आग पेटवली होती. युरोपात हा सण ऐन उन्हाळ्यात येतो, ब्राझीलमध्ये तोच हिवाळ्यात, त्यामुळे शेकोटीची ऊब हवीशीच वाटते. पाराइबातलं कांपिना ग्रांदे आणि पेर्नांबुकोतलं कारुआरू ही दोन शहरं आमचा सण जगात मोठा म्हणून एकमेकांशी चढाओढ करतात, महिनाभर नाचगाणी चालतात. पण घराघरांत मात्र काम मक्याचंच. आम्ही रेसिफेला राहत होतो तेव्हा पाहिलं, कणसं किलोवर विकत नाहीत, ‘हात’ मोजून विकतात, एक हात म्हणजे पन्नास कणसं. शेजारच्या घरी अशी एक ‘हात’ कणसं आली की अख्खं घर सोलायला बसायचं. दाणे कापून वाटले की वाटपाचे भाग व्हायचे: थोडं गाळून नारळाच्या दुधात आटवायचं, वर दालचिनीची पूड भुरभुरायची, थोडं पुड्यांत जायचं, उरलेलं केकच्या भांड्यात. एकाच दिवसात तीन गोड पदार्थ, तिन्हींत तोच मका.

आता ‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल. तुमची माहिती बरोबर आहे. मका त्या खंडातला, पोर्तुगीज 1500 मध्ये तिथे उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी तो लावत होते. नारळ पोर्तुगीज जहाजांतून गेला, हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरचा. कोंबडी आणि गाय त्यांनीच नेली. ऊस 16व्या शतकात पेर्नांबुकोत लागला, आणि तो ऊस कापला, गाळला, आटवला तो आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांनी. मळ्यांवरच्या स्वयंपाकघरांत चुलीपुढेही त्याच बायका होत्या. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट 13 मे 1888 ला. या केकची गोडी कुठून आली हे विसरून तो खाऊ नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण ज्या बायकांनी दुसऱ्यांच्या घरात हा मका वाटला, त्यांच्या लेकी-नाती आज तो आपल्या घरात, आपल्या देवाच्या दिवशी करतात. त्यांना मी ‘हे तुमचं नाही’ असं कसं म्हणू?

आणि आपलं उपासाचं ताट आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला, हिरवी मिरचीही त्याच बाजूची. एकादशीच्या खिचडीतले हे चारही जिन्नस समुद्र ओलांडून आलेले आहेत. माझ्या आजीला ती खिचडी परकी वाटली नाही, मलाही वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या एका ठराविक दिवशी, एका ठराविक भावनेनं जे शिजतं, त्याला मी परंपरा म्हणते.

अंड्यांबद्दल थोडक्यात. कॅथलिकांचा मोठा उपवास ईस्टरच्या आधी असतो. जूनचा सण जन्माचा आहे, त्यात दूध-अंडी वर्ज्य नाहीत. आपल्या सोवळ्याच्या कल्पना त्या ताटाला लावणं बरोबर नाही, तसंच त्यांचा केक आपल्या नैवेद्यात ठेवा असंही मी कुठे लिहिलेलं नाही.

‘इतक्या दूरचं कशाला’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. तितकं दूर ते नाही. त्याच 24 जूनला गोव्यात सांजांव असतो. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात, नवे जावई सासरी येतात, शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात. काही घरी हळदीच्या पानांतल्या पातोळ्या होतात, तांदूळ, खोबरं आणि गुळाच्या. एकच संत, एकच तारीख, दोन्हीकडे सण पोर्तुगीजांबरोबर पोचला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी तो आपल्या शेतात आणि परसात जे होतं त्याने साजरा केला. गोव्यात हळदीचं पान, तिकडे कणसाचं.

तुम्ही लिहिलंत की पुन्हा करणार नाही. माझी विनंती आहे, एकदा करा, पण आता नको. खरिपाचा मका ऑगस्टच्या शेवटी चिकात येतो. नाशिक, जळगावकडचं कुणी ओळखीचं असेल तर धान्याच्या मक्याची ओली कणसं सांगून ठेवा, शहरात असाल तर भाजी मंडईत विचारा, आणि तो नखाचा प्रयोग विक्रेत्यासमोरच करून घ्या. खुडलेल्या दिवशीच वाटा, कारण कणीस जसजसं शिळं होतं तसा त्याचा स्वाद उतरतो. ओव्हनचा भरवसा नसेल तर कोकणात तवसोळी, म्हणजे काकडीचा केक, भाजतात तसं जाड बुडाच्या पातेल्यात, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवूनही होतो. तळाला केळीचं पान घातलंत तर चिकटणार नाही. संध्याकाळी करा, रात्रभर तसाच झाकून ठेवा आणि सकाळी कापा. वडी पडली नाही तर कणसं कुठून घेतली, दाणा कसा होता, भांडं केवढं होतं ते मला लिहा. आपण दोघी मिळून शोधून काढू.