दीड फेरीत चीत

सहा आठवडे खपून घडवलेला खेळातला खलनायक दीड फेरीत मेला, ही गोष्ट दोन महिन्यांनंतर तरी मी शांतपणे सांगू शकेन असे मला वाटले होते. पण परवा रविवारी निपाणीहून येणाऱ्या आमच्या खेळाडूने जिना चढता चढताच "दादा, आज तरी बॉस दमाचा आणलायसा न्हवं?" असे विचारले आणि माझे डोके पुन्हा तापले. दमाचा म्हणे! तुमच्यासमोर दम धरू शकेल असा प्राणी त्या नियमपुस्तकांत असता, तर मी तो कधीच आणला असता.

दर रविवारी दुपारी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या माडीवर चौघे जमतात आणि पाचवा मी, म्हणजे डीएम (डन्जन मास्टर: गोष्ट रचणारा आणि सगळे शत्रू चालवणारा). खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत आपापले पात्र वठवण्याचा, नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. तीन वर्षे खेळून या चौघांची पात्रे पंधराव्या पातळीवर पोहोचली आहेत. मोहिमेच्या शेवटासाठी मी लिच निवडला होता. आपल्याकडच्या गोष्टींत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा आपला आत्मा एका वस्तूत दडवून मरण टाळणारा हा प्रेतमांत्रिक. त्याचे चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी याचा आकडा) २१ आहे, म्हणजे पंधराव्या पातळीच्या पार्टीला घाम फोडायला पुरेसे, असे मी भाबडेपणाने मानले. यळ्ळूरचा राजहंसगड डोळ्यांपुढे ठेवून मी त्याचा किल्ला आखला, बुरूज मोजून काढले, आणि मरणाविषयीचे त्याचे तीन पानी भाषण लिहिले. (ते भाषण चांगले होते. हे सांगायला आता मीच उरलो आहे.)

लढाईत काय झाले ते ऐका. लिचने पहिल्याच टर्नमध्ये निपाणीकराच्या रोगवर (चोरट्या पात्रावर) डिसइंटिग्रेट हा जीवघेणा मंत्र टाकला. जवळ उभ्या असलेल्या पॅलॅडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) ऑरामुळे, म्हणजे जवळच्यांना बळ देणाऱ्या वलयामुळे, रोगच्या सेव्हमध्ये (बचावाच्या फाशात) आणखी पाचांची भर पडली, सेव्ह झाला, आणि त्या स्पेलचा नियमच असा आहे की सेव्ह झाला तर समोरच्याचा केसही वाकडा होत नाही. मग पॅलॅडिनची पाळी आली. हा शहापूरचा आमचा कन्नडभाषक मित्र एरवी आमच्याशी अस्खलित मराठी बोलतो, पण फासे मात्र कन्नडमध्येच मोजतो. दोन्ही वार लागले, त्यातला एक क्रिट (दुप्पट फाशांचा वार) होता, दोन्हींवर त्याने चौथ्या पातळीचे स्माइट (वारावर चढवलेली दैवी शक्ती) ओतले, आणि लिच चालत्या प्रेतांपैकी असल्यामुळे वर आणखी एकेक फासा मिळाला. टेबलभर पसरलेले फासे गोळा करत त्याने शांतपणे "नूरा हदिनेंटु" असे जाहीर केले. एकशे अठरा. पुस्तकात लिचचे एकूण एचपी (हिट पॉइंट, म्हणजे अंगात जीव किती त्याचे गुण) आहेत १३५. उरलेले सतरा रेंजरच्या बाणांनी पुढच्या फेरीत संपवले. "आय्तु?" असे पॅलॅडिनने विचारले. हो बाबा, आय्तु. भाषणाचे पहिले पानही उलटले नव्हते.

घरी पुस्तक वाचताना माझी चूक झाली म्हणावे, तर तसेही नाही. पुस्तकात चॅलेंज रेटिंगची व्याख्या अशी आहे की योग्य साधने असलेल्या आणि पुरेशी विश्रांती घेतलेल्या चौघांच्या पार्टीला, आपल्या पातळीइतके रेटिंग असलेल्या राक्षसाला एकही मृत्यू न होता हरवता आले पाहिजे. म्हणजे ज्या आकड्याला आपण तुल्यबळ जोड समजतो, तो आकडा मुळातच हरण्यासाठी उभ्या केलेल्या जनावराचा असतो. शिवाय त्याच आवृत्तीचे डीएमसाठीचे पुस्तक असे गृहीत धरते की पार्टी दिवसाला मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ लढाया पेलते, म्हणजे बॉसच्या दारात पोहोचेपर्यंत तिची निम्मी दारूगोळ्याची कोठारे रिकामी झालेली असतात. सहा ते आठ लढाया! आमच्या माडीवर तीनला खेळ सुरू होतो आणि खानापूरच्या मांत्रिकीणबाईंना सातला निघावे लागते. चार तासांत चहा, कुंदा, गेल्या वेळी कुठे थांबलो होतो त्याची उजळणी आणि एकमेकांची चेष्टामस्करी वजा केली, तर एक लढाई होते, कधी दीड. त्यामुळे प्रत्येक बॉसपुढे ही मंडळी भरल्या पोटी, सगळे स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याचा दिवसाचा साठा) शाबूत ठेवून, जावयासारखी येऊन बसतात.

पण माझा खरा राग एचपीवर नाही, पाळ्यांच्या हिशेबावर आहे. कोणाला पटत नसेल तर त्याने आनंदवाडीच्या आखाड्यात जाऊन निकाली कुस्त्या बघाव्यात. तिथे जोड ठरवणारा माणूस वजन बघतो, उंची बघतो, मागच्या कुस्त्या बघतो, पण एका मल्लावर एकदम चार मल्ल सोडण्याचा विचार त्याच्या डोक्यात येत नाही, कारण मल्ल केवढाही असला तरी एकाने पाय धरला, दुसऱ्याने मान धरली, की तिसऱ्याला डाव टाकायचीही गरज उरत नाही. इथे नेमके तेच होते. चौघांना प्रत्येकी एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन, एक रिॲक्शन; बॉसला मात्र एक टर्न आणि दुसऱ्यांच्या टर्ननंतर वापरायच्या तीन लेजंडरी ॲक्शन, ज्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे नुसता शेपटीचा फटका किंवा इकडेतिकडे बघणे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत एकट्याने लढणाऱ्या राक्षसांसाठी 'सोलो' असा वेगळा वर्ग होता, आणि निम्मे एचपी गेले की 'ब्लडीड' अवस्थेत कित्येकांचे वागणे बदलत असे. त्या लढाया रेंगाळत, हे मान्य. पण निदान त्या लढाया होत्या.

लिचच्या दुःखातून सावरून मी प्रौढ लाल ड्रॅगन आणला. रेटिंग १७, एचपी २५६, सरासरी ६३ नुकसान करणारा अग्निश्वास, आणि हुकलेला सेव्ह दिवसातून तीनदा यशस्वी करून घेण्याची मुभा देणारा लेजंडरी रेझिस्टन्स. खानापूरच्या बाईंनी पहिल्याच फेरीत फोर्सकेज टाकला. १,५०० सुवर्णमुद्रांची माणकांची पूड जवळ असली की अदृश्य बळाचा पिंजरा तयार होतो, तो तासभर टिकतो, आणि त्याला सेव्हच नाही. सेव्हच नाही म्हटल्यावर माझा लेजंडरी रेझिस्टन्स तीनदा असो की तीनशेदा, तो कशाला चाटायचा? ड्रॅगनचा श्वास साठ फुटांपर्यंत पोहोचतो, म्हणून चौघेही शिस्तीत साठ फुटांपलीकडे जाऊन उभे राहिले आणि गजांमधून बाण व मंत्र सोडत बसले. भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाकडे शाळेची सहल जितक्या भीतीने बघते, तितकीच भीती माझ्या ड्रॅगनच्या वाट्याला आली. २०२४ च्या सुधारित नियमांत या स्पेलला कॉन्सन्ट्रेशनची (टाकणाऱ्याने लक्ष एकवटून ठेवण्याची) अट लावली आहे, ती काही उगाच नव्हे. पण आमच्या टेबलाने जुनेच नियम ठेवायचे असा ठराव बहुमताने, म्हणजे चार विरुद्ध एक, केलेला आहे.

यावर लोक मला सल्ला देतात की पडद्याआड गुपचूप एचपी वाढव, कोणाला कळणार आहे? मला कळेल ना! आमच्या भागात ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती ओळखणारे म्हातारे आखाड्याच्या कडेला बसूनच शिव्या घालतात. पॅलॅडिनच्या 'नूरा'वर उतारा म्हणून मी नुरा खेळायची, हे मला जमणार नाही. तिसऱ्या वेळी मी काम उघडपणे केले: निम्मे एचपी गेल्यावर रूप बदलणारा आणि त्यासोबत नव्या दमाने पाळी मिळवणारा सेनापती घडवला, सोबत बारा शिपाई दिले. शिपाई एका फायरबॉलमध्ये गेले. सेनापतीने रूप बदलताच, दोन आठवडे "बॉस फुसका, बॉस फुसका" म्हणून माझे कान किटवणारा तो निपाणीकर ताडकन उभा राहिला आणि "हे नियमात कुठं लिवलंय दादा?" म्हणून माझ्याकडे पुस्तक मागू लागला. तुझे स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराचे) आठ फासे नियमात आहेत, म्हणून माझ्या सेनापतीने गुमान मरायचे काय?

म्हणून परवाच्या रविवारी मी बॉसला हातच लावला नाही. त्याच्या आधीचा रस्ता आखला. तीन छोट्या लढाया, प्रत्येकीत स्लॉट खर्च करायला लावणारा एखादा त्रास, आणि मध्यरात्री पुरा होणारा विधी, म्हणजे मध्ये झोपायला सवड नको. सहा वाजेपर्यंत दोन लढाया झाल्या, पॅलॅडिनचे स्माइट संपत आले, रेंजर लंगडू लागला, आणि दोन महिन्यांत प्रथमच त्या टेबलावर कोणीतरी "आता जपून हं" असे म्हणाले. त्या तीन शब्दांसाठी मी कुंद्याचा आख्खा डबा ओवाळून टाकला असता.

तेवढ्यात खानापूरच्या बाईंनी स्पेलची यादी उघडली आणि खलनायकाच्या दारापासून वीस पावलांवर टायनी हट उभारली. ही घुमटाची झोपडी आठ तास टिकते, बाहेरचे कोणी आत येऊ शकत नाही, आणि विधी म्हणून टाकली तर तिला स्लॉटही लागत नाही. मध्यरात्रीच्या विधीची आठवण मी दोनदा करून दिली. "होऊ दे की पुरा," निपाणीकर म्हणाला, "उठल्यावर बघू." तोवर सात वाजले होते. बाई पर्स उचलून निघाल्या, पॅलॅडिनने फासे पिशवीत भरले, आणि माझ्या वहीत चौघेही अजून त्या दारासमोर घोरत पडले आहेत.