अठ्ठेचाळीस भोकांचा डबा: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. ‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय.

पॅचबेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोंबली. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली तेव्हा त्यातलं निम्मं पटलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅचबे म्हणजे स्टुडिओतल्या यंत्रांच्या वायरी मागे एकदाच लावून, समोरच्या भोकांतून हवं ते हव्या त्याला जोडायची पेटी. काकांनी तीस वर्षं मंडपात आणि नाट्यगृहांत साउंड केलाय. त्यांच्या मते एका खोलीच्या स्टुडिओत पॅचबे ही निव्वळ मिजास आहे. जितके जोड तितके बिघाड. माइकही पॅचबेतून घ्या असं मी लिहिलं, ते घातक आहे. आणि हल्ली इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या यंत्राच्या) सॉफ्टवेअरमध्येच सगळी जोडणी होत असताना हा अठ्ठेचाळीस भोकांचा पत्र्याचा डबा हवाय कुणाला?

माइकचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘सगळंच पॅचबेवर आणा’ असं लिहून गेलो, तेव्हा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून माइकला दिली जाणारी वीज, डोक्यातच नव्हती. एरवी फँटमचे ४८ व्होल्ट माइकच्या दोन्ही तारांवर सारखेच असतात, त्यामुळे बिचाऱ्या रिबन माइकच्या आतल्या धातूच्या पट्टीतून प्रवाह वाहत नाही आणि तोही सुखात राहतो. पण पाव इंची तीन-पट्ट्यांचा जॅक आत सरकताना त्याचं टोक आणि मधली कडी वाटेतल्या नको त्या पत्र्यांना घासून जातात. तेवढ्या क्षणापुरती एक तार ४८ व्होल्टवर आणि दुसरी जमिनीवर येऊ शकते. मग तो झटका थेट रिबनला, आणि रिबन म्हणजे चॉकलेटच्या चांदीहूनही पातळ पट्टी. तेव्हा काकांचं ऐका: माइक सरळ प्रीअँपला (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) लावा आणि पॅचबेवर प्रीअँपच्या पुढचा, वाढवलेला म्हणजे लाइन लेव्हलचा सिग्नलच आणा. लेखातलं ते वाक्य काढलंय. त्याच हिशेबात स्पीकरला जाणारं अँप्लिफायरचं आउटपुट आणि डिजिटल वायरीही पॅचबेवर नकोत, हे मूळ लेखात राहूनच गेलं होतं.

आता ‘जितके जोड तितके बिघाड’. हे वाक्य चुकीचं नाही, आणि मी ते भोगलंय. गेल्या वर्षी जुलैत, अलिबागच्या त्या कुंद हवेत, प्रीअँपचा एक चॅनेल अधूनमधून गायब व्हायला लागला. वायर बदलली, प्रीअँप बदलला, तासभर शिव्या घातल्या. शेवटी चाळा म्हणून पॅचबेत समोरून एक पिन घातली, काढली, आणि आवाज ठणठणीत. झालं होतं असं, की समोर काही लावलेलं नसताना सिग्नल ज्या आतल्या स्प्रिंगच्या पत्र्यांवरून जातो, ते पत्रे महिनोन्‌महिने तसेच बसून राहिले आणि दमट हवेने त्यांवर पुट चढलं. म्हणजे जे भोक तुम्ही कधीच वापरत नाही, तेच आधी दगा देतं. तेव्हापासून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, प्रत्येक भोकात पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करतो, आणि जिथे खरखर येते तिथे पिनेला थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर लावून घासतो. अर्ध्या तासाचं काम.

पण काका, जोड तर असणारच होते. प्रश्न एवढाच, की झीज कुठे व्हावी? पॅचबे नव्हता तेव्हा मी रॅकच्या मागे तोंडात टॉर्च धरून, वाकडा होऊन, इंटरफेसच्या मागच्या जॅकमध्ये वायरी काढघाल करत होतो, दिवसातून पाच-सहा वेळा. दोन वर्षांत तिसऱ्या नंबरचं इनपुट सैल झालं. ते जॅक थेट मुख्य बोर्डाला डाग देऊन बसवलेले असतात, त्यामुळे अख्खा इंटरफेस दुरुस्तीला गेला आणि तीन आठवडे माझं दुकान बंद. आज इंटरफेसच्या मागच्या वायरी एकदा लावल्यात त्या लावल्यात. झिजतोय तो पॅचबे, आणि त्यात प्रत्येक जोडीचं वेगळं छोटं कार्ड आहे, बिघडलं तर तेवढंच बदलायचं.

मिजासीबद्दल इतकंच म्हणेन, की ही रीत स्टुडिओवाल्यांची नव्हेच. पाव इंची जॅक आला १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या ऑपरेटर बाई ज्या फळ्यासमोर बसत, त्याचंच हे धाकटं भावंड. मोठ्या स्टुडिओंत तर त्याहून बारीक, ४.४ मिलिमीटरच्या जॅकचे पॅचबे असतात आणि १९ इंची रॅकच्या एका खणात, म्हणजे पावणेदोन इंच उंचीत, ९६ भोकं मावतात. माझी ४८.

सॉफ्टवेअरचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण खरा मुद्दा इथे आहे. माझ्या इंटरफेसला आठ लाइन इनपुट आहेत आणि खोलीत सिग्नल देणाऱ्या जागा चौदा: प्रीअँप, कंप्रेसर (फार मोठा झालेला आवाज दाबणारं यंत्र), जुना कीबोर्ड, लोकांच्या घरच्या कॅसेटी डिजिटल करायला ठेवलेला डेक. सॉफ्टवेअर या चौदांतले आठ निवडून देऊ शकत नाही, कारण उरलेले सहा त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय बाहेरच्या कंप्रेसरला सॉफ्टवेअरमधून जोडायचं तर आवाज एकदा डिजिटलमधून बाहेर काढा आणि पुन्हा आत घ्या. त्यात एक आउटपुट आणि एक इनपुट अडकतं, वर गायकाच्या कानात उशीर. (तुमच्याकडे एक माइक आणि एक इंटरफेस एवढंच असेल, तर मात्र पॅचबे घेऊ नका. पैसे चांगल्या हेडफोनवर घाला.)

पॅचबे मला आवडतो तो त्याच्या ‘हाफ-नॉर्मल’ जोडणीसाठी. वरच्या ओळीत आउटपुट, खालच्या ओळीत इनपुट. वर प्रीअँप, बरोबर खाली इंटरफेसचं इनपुट. समोर एकही वायर नसली तरी आत दोघं जोडलेलेच. म्हणजे सकाळी स्विच चालू केला की स्टुडिओ तयार. खालच्या भोकात काही घातलं की ती आतली जोडणी तुटते आणि नवा सिग्नल आत जातो. वरच्या भोकात घातलं तर मात्र तुटत नाही, फक्त एक प्रत बाहेर मिळते. या दुसऱ्या गमतीवर माझी निम्मी कामं चालतात: प्रीअँपमधून एक प्रत कंप्रेसरला, तिथून दुसऱ्या ट्रॅकवर, आणि मूळ आवाज, काहीही न करता, पहिल्या ट्रॅकवर शाबूत. गायिकेने तार षड्जावर अचानक जोर लावला आणि कंप्रेसरने तो दाबून टाकला, तरी घाबरायचं कारण नाही.

यातच मी तोंडावरही आपटलोय, तेही कबूल करतो. पहिल्या जोडणीत नीटनेटकं दिसावं म्हणून कंप्रेसरचं आउटपुट वर आणि त्याच कंप्रेसरचं इनपुट बरोबर खाली ठेवलं, आणि ती जोडी हाफ-नॉर्मलवरच राहिली. म्हणजे कंप्रेसर स्वतःचंच शेपूट गिळत बसला. गेन वाढवल्याबरोबर जी किंकाळी उठली, ती त्या वेळी हेडफोन लावून बसलेला तबलजी आजही विसरलेला नाही. एकाच उपकरणाची आत-बाहेरची जोडी वर-खाली ठेवायची असेल, तर ती आतून न जोडता सुटीच ठेवावी. आणखी एक: पाहुणा वादक खिशातून गिटारची दोन-पट्ट्यांची वायर काढतो आणि वरच्या भोकात खुपसतो. त्या वायरीने मधली कडी जमिनीला टेकते, म्हणजे बॅलन्स्ड (दोन तारांवरून जाणाऱ्या) सिग्नलचा एक पाय कापला जातो आणि हाफ-नॉर्मलमुळे खाली जाणारा मूळ आवाजही बिघडतो. असल्या वायरींना मी लाल टेप गुंडाळलीय आणि त्या वेगळ्या खुंटीवर टांगल्यात.

आता तुमच्याकडून उचललेली गोष्ट. नाट्यगृहात वायरींना सुतळीच्या गाठी मारायचो, एक गाठ म्हणजे पहिला माइक, दोन म्हणजे दुसरा, अंधारात बोटांनीच ओळखायचं, असं तुम्ही ओझरतं लिहून गेलात. मी वायरींवर छापील लेबलं लावली होती, आणि रॅकच्या मागे ती वाचायला पुन्हा तोंडात टॉर्च! रविवारी बसून चोवीसच्या चोवीस वायरींना गाठी मारल्या. पाचाच्या पुढे मोठी गाठ म्हणजे पाच, असा हिशेब ठेवलाय. फक्त माझ्याकडची सुतळी फार केसाळ आहे, तिचे धागे सुटून जॅकमध्ये जातात. तुम्ही कुठली वापरायचात?