झोंबी खोटा दिसला तरी चालेल, नटाने डोळा मारू नये

झोंबीच्या, म्हणजे चालत्या मढ्यांच्या, सिनेमात हसू आलं की 'सिनेमा फसला' म्हणून मोकळे होणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. अहो, आपण कोकणातली माणसं! दशावतारात एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. सगळ्यांना दिसतं, तरी जत्रेतून पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, काळ्या वेषातला संकासूर राक्षस आला की पोरं आईला बिलगतात आणि त्याने मालवणीत तोंड उघडलं की तीच पोरं खिदळतात. भडक झोंबीपटाची मजा हीच.

१९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मधलं रक्त चक्क ऑइलपेंटसारखं लालभडक आहे. झोंबींचे राखाडी रंगवलेले चेहरे पडद्यावर निळसर दिसतात. तरी सिनेमा धरून ठेवतो, कारण त्यातली माणसं खरोखर जीव वाचवत असतात. नटाने 'बघा, कसली गंमत' असा चेहरा केला की भीतीही गेली आणि विनोदही.

दुसरं, झोंबी हळू चालणारा असेल तर शेवटपर्यंत हळूच हवा. त्या संथपणामुळेच तर कडी न लागणाऱ्या दारावर विनोद करायला वेळ मिळतो. मध्येच तो धावला की प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

गणपतीत गावी जमून शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी रक्ताचं प्रमाण देतो. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मधाइतका दाट पाक. त्यात लिंबाचे चार थेंब, नाहीतर पाकाची परत साखर होते. गार झाल्यावर एक चमचा खाण्याचा लाल रंग, पाव चमचा कोको. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं आरपार दिसतं. कोकमाचं आगळ वापरायचा मोह टाळा, ते पातळ असतं, जखमेवर ठरत नाही. पाकाला मुंग्या लागतात, तेव्हा 'मेलेल्या' माणसाला अंगणात फार वेळ निजवू नका. आणि रंगाचे डाग जात नाहीत, कपडे जुनेच घ्या.

जखमेला व्हॅसलिन आणि मैदा मळून घ्या, कडा बोटाने पातळ करा. आपल्या दमट हवेत कपाळावरची जखम घामाने भुवईवर उतरते. दंडाची बाहेरची बाजू बरी. आधी त्वचा कोरडी करून पावडर लावा.

प्रत्येक झोंबीला जिवंतपणीची एक सवय द्या. नारळ पाडणारा पाडेली माडाखाली मान वर करून उभा. चाकरमान्याच्या हातातली बॅग सुटत नाही. आणि ज्याला हसू आवरत नाही, त्याला पाठमोरा उभा करा.