हिरव्या ठिपक्याची गोष्ट

माझ्या फोनमध्ये इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगची नऊ अ‍ॅप्स आहेत. प्रत्येकाचं वॉलेट वेगळं, प्रत्येकात शे-दोनशे रुपये अडकलेले. आणि वर्षभर शनिवार-रविवार घालवून मी काय केलं? दहावं अ‍ॅप बनवलं. बायको अजून हसतेय.

कारण ऐका. गाडी २०२० सालची नेक्सॉन ईव्ही, बॅटरी ३०.२ युनिटची. कागदावर एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर. हायवेला एसी लावून दोनशे ओलांडले तरी मी खूश. कोल्हापूरहून पुण्याला येताना कराडच्या अलीकडे एका हॉटेलवर अ‍ॅपने हिरवा ठिपका दाखवला, म्हणजे चार्जर चालू आणि मोकळा. पोचलो तेव्हा १४ टक्के उरलेले, आणि चार्जरची स्क्रीन काळी ठिक्कर. कस्टमर केअरला फोन लावला तर, "सर, आमच्याकडे अव्हेलेबल दिसतंय." मागे पोरं भुकेली, आई गप्प. आई गप्प बसली की मला जास्त टेन्शन येतं. शेवटी वॉचमनकाका हॉटेलच्या मागे गेले, खटका वर केला, चार्जर सुरू! रात्री कुणीतरी बंद केलेला, सकाळी लावायचा राहिला.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डोक्यात किडा शिरला. चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर ओसीपीपी नावाच्या भाषेत बोलतात. ठरावीक वेळाने चार्जर 'मी आहे' असा निरोप धाडतो. निरोप थांबला की ठिपका करडा व्हायला हवा. तो हिरवाच राहिला, म्हणजे अ‍ॅप शिळी माहिती वाढत होतं. आणि चार्जर ठणठणीत असला तरी समोर कुणी डिझेलची गाडी लावून जेवायला गेला असेल, तर ते कुठल्या सर्व्हरला कळणार?

म्हणून माझ्या अ‍ॅपमध्ये नकाशा दुय्यम आहे. सगळ्यात वर एकच ओळ: इथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली आणि किती किलोवॅटने, म्हणजे किती वेगाने. त्याखाली, खटका कुणाच्या हातात आहे. (पाटीवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून माझ्या गाडीला तेवढं मिळत नाही, ती तेवढं पीतच नाही. हे समजावण्यातच निम्मे मेसेज जातात.) ही माहिती भरतात गाडीवालेच. आळस केला की माझं अ‍ॅपही शिळं.

त्यामुळे अकरावं अ‍ॅप काढणाऱ्यांना हात जोडून सांगतो, काढू नका. केंद्र सरकारचं 'ईव्ही यात्रा' हे चार्जर शोधायचं अ‍ॅप २०२२ पासून आहेच. कमी आहे ती उघड्या माहितीची. चार्जिंग कंपन्यांनी आपसात माहिती देण्याघेण्यासाठी ओसीपीआय हे प्रमाण केव्हाच तयार आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि चहावाल्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हे विचारायची गरजच संपली. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत ना? मग अनुदान घेणाऱ्याने चार्जरची ताजी स्थिती सगळ्यांना खुली करावी, ही अट मला अजिबात जाचक वाटत नाही. धंद्याचं गुपित वगैरे सांगू नका. चार्जर बंद आहे, यात कसलं गुपित?

वॉचमनकाकांचा नंबर त्यांना विचारूनच अ‍ॅपमध्ये टाकलाय. परवा त्यांचाच फोन आला. "साहेब, सांगलीची एक गाडी येतीया म्हणं. खटका वर करून ठेवलाय. तुमच्या त्या मोबाइलात लिवा."