मंदगती टेबलाची चौकशी

घरातील पूल टेबल (काठीने बॉल मारून ते कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायच्या खेळाचे) संथ झाले आहे ही गोष्ट सर्वांना एकाच वेळी कळत नाही. ती आधी हरणाऱ्याला कळते. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने टेबल उत्तम असते, बॉल जिथे थांबायला हवेत तिथेच थांबत असतात आणि सुधारणेची गरज असलीच तर ती प्रतिस्पर्ध्याच्या खेळात असते. आमच्या टेबलावरचे बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन, आत डोकावून, जाण्याचा बेत रहित करू लागले, तेव्हा मी ही बाब मेव्हण्याच्या नजरेस आणून दिली. तो त्या वेळी जिंकत होता. "भाऊजी, जरा जोरात मारत जा," एवढे सांगून त्याने पुढचा बॉल घातला.

जोरात मारणे हा संथ टेबलावरचा सर्वमान्य उपाय असला, तरी तो रोगापेक्षा भयंकर आहे. पॉकेट वेगाने आलेल्या बॉलला दाद देत नाही. हळू आला असता तर कडेला घासूनही जो आत पडला असता, तोच बॉल जोरात आला की पॉकेटच्या दोन जबड्यांमध्ये थडथडतो आणि अपमान झाल्याच्या आविर्भावात बाहेर येतो. शिवाय जोर वाढला की हात हलतो, हात हलला की नेम चुकतो, आणि नेम चुकला की मेव्हणा "आता फार जोरात झाला" असे सांगायला मोकळा होतो.

खरे तर टेबल संथ असण्याला एकच एक कारण क्वचितच असते. टेबलावर ताणून बसवलेले कापड मळलेले असू शकते, ओलसर असू शकते, सैल पडलेले असू शकते. कुशनचे, म्हणजे बॉल आपटून परततो त्या कडेच्या काठाचे, रबर कडक झालेले असू शकते किंवा ते धरून ठेवणारे बोल्ट ढिले झालेले असू शकतात. टेबल एका अंगाला कललेले असू शकते. बॉल कळकट असू शकतात. आणि बहुतेक घरांत यांतले सगळेच थोडे थोडे असते. सल्लागारांचे मात्र असे अनेक दिशांनी विखुरलेले नसते. प्रत्येकाला एकच कारण ठाऊक असते आणि ते तो येतानाच बरोबर घेऊन आलेला असतो. मेव्हण्याचे कारण कुशन हे होते. शेजारच्या गृहस्थांनी टेबलाकडे न पाहता जमिनीकडे पाहिले आणि फरशी खचली असल्याचे जाहीर केले. पत्नीने खेळणाऱ्यांकडे पाहिले आणि काही जाहीर केले नाही.

आमची मुलगी भौतिकशास्त्र शिकते. मोजमाप केल्याशिवाय कुणाच्याही मताला किंमत द्यायची नाही, हा त्या विषयाने तिला दिलेला गुण घरातील सर्वजण भोगत असतात. तिने दोन क्यू, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, एकमेकांना चिकटवून टेबलावर ठेवले, त्यांची जाड टोके एका पुस्तकावर टेकवली आणि दोघांच्या मधल्या खाचेत, ठरावीक खुणेवरून, बॉल नुसता सोडून दिला. उंची तीच आणि खूण तीच, म्हणजे टेबलावर उतरताना बॉलचा वेगही दर वेळी तोच. तेव्हा तो किती लांब गेला हे मोजले की मारणाऱ्याचा हात, त्याची मनःस्थिती आणि त्याची बहीण कोण आहे, या तिन्ही गोष्टी हिशेबातून बाद होतात. बॉल कुशनला लागण्याआधीच दमला तर संशयित कापड, ओलावा किंवा खुद्द बॉल. आणि कुशनपर्यंत ऐटीत जाऊन परतताना मेला तर संशयित कुशन. एवढ्या साध्या युक्तीने निम्मे सल्लागार निरुत्तर झाले असते, परंतु निरुत्तर झालेला सल्लागार मी अजून पाहिलेला नाही.

त्यानंतर तिने वेळ मोजला आणि खरा गोंधळ तिथे झाला. या चाचणीत बॉल समोरच्या कुशनवर मारायचा, तो परत येऊन अलीकडच्या कुशनपाशी जेमतेम थांबेल इतक्याच जोराने. आणि पलीकडची कुशन सोडल्यापासून थांबेपर्यंतचे सेकंद मोजायचे. ८ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग ८८ इंच लांब व ४४ इंच रुंद असतो. तेवढी लांबी परतताना चांगल्या गतीच्या टेबलावर बॉलला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतात. आमच्या बॉलला पाचच लागले. "पाहा!" मेव्हणा म्हणाला, "दीड सेकंद लवकर आला. टेबल उलट फास्ट आहे!"

मुलीने त्याला समजावून सांगितले की संथ टेबलावरच बॉल लवकर पोहोचतो. कापड बॉलला जास्त अडवत असेल, तर त्याला तेवढेच अंतर कापायला लावण्यासाठी सुरुवातीला अधिक वेग द्यावा लागतो. मग तो घाईघाईने येतो आणि चटकन थांबतो. वेगवान टेबलावर बॉलला हलका धक्का पुरतो आणि तो रमतगमत, थांबू की नको असे करत, बराच वेळ चालत राहतो. "म्हणजे मामा, वेळ जितका कमी, तितके टेबल वाईट," ती म्हणाली. मामाने मान डोलावली, थोडा वेळ विचार केला आणि घड्याळ बदलून पाहण्याची सूचना केली.

चौकशीचा रोख आता कापडाकडे वळला. क्यूच्या टोकाला आपण जो निळा खडू घासतो तो फळ्यावरच्या खडूशी संबंध नसलेला पदार्थ आहे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स या दोघा अमेरिकनांनी १८९७ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखी खरखरीत खनिजे वापरली जातात. क्यूची पकड राहावी म्हणून बनवलेली ही पूड प्रत्येक फटक्यासरशी खाली सांडते, कापडाच्या विणीत जाऊन बसते आणि तिथेही आपले पकडण्याचे काम निष्ठेने चालू ठेवते. त्यात भर म्हणून क्यू हातातून सहज सरकावा यासाठी मेव्हणा तळहाताला भरपूर टाल्कम पावडर लावतो. टेबलावर त्याने जिथे जिथे हात टेकला ती प्रत्येक जागा त्यामुळे पुराव्यानिशी दाखवता येते.

साफसफाई हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. ब्रश गोल गोल फिरवला तर धूळ निघण्याऐवजी खोल जाते. तो एकाच दिशेने, लांब आणि हलक्या हाताने फिरवावा लागतो. व्हॅक्यूम क्लीनरही चालतो, परंतु ओढ कमी ठेवून आणि त्याच्या तोंडाशी फिरणारा ब्रश काढून, कारण तो ब्रश धुळीबरोबर कापडाचे धागेही उपसतो. आम्ही कुशनच्या नाकाखालची फट साफ केली तेव्हा तिथून इतकी निळी पूड निघाली की टेबल संथ का आहे यापेक्षा ते चालत तरी कसे होते, हा प्रश्न अधिक रास्त वाटू लागला.

बॉलची पाळी त्यानंतर आली. ते फिनॉलिक रेझिन नावाच्या कडक प्लॅस्टिकचे असतात, व्यास ५७.१५ मिलिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके यांपलीकडे त्यांना काही लागत नाही. मेव्हण्याच्या मते लाकडी सामानाला लावायचे पॉलिश अधिक परिणामकारक ठरले असते. ते लावल्यास बॉल चकाकले असते यात शंका नाही. मात्र त्याचा मेणचट थर पुढे सगळ्या टेबलाला वाटला गेला असता.

आता मी ओलाव्याकडे येतो. येथे प्रकरण टेबलापुरते राहिले नाही. पूलचे कापड मुख्यत्वे लोकरीचे असते, त्यात थोडे नायलॉन मिसळलेले असते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा हवेतून गुपचूप शोषते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. माणूस हात फिरवून "कोरडे तर आहे" असे प्रमाणपत्र देतो; बॉलला मात्र प्रत्येक इंचागणिक सत्य समजत असते. आमच्या घरी ज्या खोलीत टेबल आहे, त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालण्याची दोरीही आहे. दोरी आधीची आहे आणि टेबल नंतरचे, हा मुद्दा पत्नीने सुरुवातीलाच नोंदवून ठेवला.

मी अत्यंत संयमाने, लोकरीचे गुणधर्म विशद करून, दोरी हलवण्याची विनंती केली. तिने तितक्याच संयमाने सांगितले, "अहो, टेबल घरात आहे, घर टेबलात नाही." यावर उत्तर नव्हते; म्हणून मी विषय अधिक व्यापक केला. तीन कुशनच्या बिलियर्ड्सच्या (हा पॉकेट नसलेल्या टेबलावरचा खेळ) मोठ्या स्पर्धांमध्ये स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या सपाट दगडाच्या, खाली विजेवर तापणारी यंत्रणा बसवलेली असते, त्यामुळे दगड किंचित कोमट राहतो, कापड कोरडे राहते आणि बॉल लांबवर पळतात, ही माहिती मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती प्रथमच मनापासून ऐकली. "बसवून घ्या की," ती म्हणाली, "कपडे आणखी लवकर वाळतील." बऱ्याच वाटाघाटींनंतर, खेळाच्या आदल्या रात्रीपासून चादरी आणि जाड टॉवेल त्या खोलीत वाळत घातले जाणार नाहीत, खिडकी उघडी राहील आणि पंखा चालू राहील, असा तह झाला. मोज्यांना तहातून वगळण्यात आले.

कुशनची तपासणी मेव्हण्याच्या आग्रहाखातर झाली. बॉल हातात धरून कुशनच्या काठावर टप्प्याटप्प्याने आपटत गेले की बहुतेक ठिकाणी एकसारखा टणक आवाज येतो आणि एखाद्या ठिकाणी भद्द असा. भद्द आवाजाच्या जागी कुशन मेलेली असते किंवा तिच्याखालचा बोल्ट ढिला असतो, आणि बोल्टची शक्यता आधी तपासणे खिशाच्या हिताचे असते. हे बोल्ट खालून आवळावे लागतात. मेव्हणा टेबलाखाली पाठीवर झोपून पाना फिरवत असताना, वर उभे राहून "अजून थोडा," "आता बास," "नाही, अजून थोडा" अशा सूचना देण्यात जे समाधान होते, ते मला त्या टेबलावर एरवी क्वचितच लाभले आहे. आवाज सुधारला हे मी प्रामाणिकपणे मान्य केले. रबर कडक होण्याची कटकट जुनीच आहे: इंग्लंडमध्ये जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबरी कुशन आणल्या, तेव्हा त्या थंडीत दगडासारख्या होत आणि खेळण्यापूर्वी गरम पाण्याच्या भांड्यांनी शेकाव्या लागत. त्या काळातही शेकणारा एक आणि सूचना देणारे चार असणार.

शेजाऱ्यांच्या खचलेल्या फरशीचाही निकाल लावणे भाग होते. कललेले टेबल खऱ्या अर्थाने संथ नसते. ते जाताना संथ आणि येताना चपळ असते, म्हणूनच बॉल दोन्ही दिशांनी सोडून पाहावा लागतो. चांगल्या कापडावर बॉलला होणारा विरोध इतका अल्प असतो की शंभरास एक एवढा उतारही त्याला तोडीस तोड ठरतो, आणि तसल्या उतारावर एकदा सुटलेला बॉल आपणहून थांबत नाही. ८८ इंचांत नुसता २ मिलिमीटर फरक पडला, तरी विरोध एका दिशेने जवळपास एक दशांश वाढतो आणि दुसऱ्या दिशेने तेवढाच घटतो. आमच्याकडे फरक निघाला, आणि तीन-चारशे किलोचे ते धूड एका कोपऱ्यात केसभर उचलून पायाखाली पातळ पट्टी सरकवण्यासाठी शेजाऱ्यांनाच बोलवावे लागले. पट्टी सरकवून झाल्यावर त्यांनी पुन्हा फरशीकडे पाहिले आणि "मी म्हटलेच होते" हे वाक्य त्यांना शोभेल अशा विनयाने उच्चारले.

एवढे सगळे झाल्यावर मुलीच्या घड्याळात सहा सेकंद आले. उरलेला अर्धा सेकंद कापडाच्या जातीत दडलेला आहे. आमच्या टेबलावरचे कापड लव असलेले, फेल्टच्या वळणाचे आहे. ते टिकाऊ असते आणि बॉलला थोडे धरून ठेवते. स्पर्धांमध्ये वापरतात ते वर्स्टेड कापड लव नसलेले, घट्ट विणीचे आणि गुळगुळीत असते. ते घालायचे तर सहाही कुशन उतरवायच्या, जुने कापड सोलायचे, स्लेटच्या तीन तुकड्यांमधले सांधे मेणाने पुन्हा भरायचे आणि नवे कापड चुणी न पडता ताणून बसवायचे. हा विचार मी मांडला तेव्हा पत्नीने टेबल उघडे असतानाच्या दिवसांत खोलीत दोऱ्या किती बांधता येतील याचा अंदाज घ्यायला सुरुवात केली, म्हणून तो विचार तूर्त पुढे ढकलला आहे.

मेव्हण्याचा खेळ मात्र पार विस्कटला. संथ टेबलावर घोटवलेले त्याचे जोरदार फटके आता बॉल घातल्यावरही संपत नाहीत. पांढरा बॉल दोन कुशन घेऊन, सगळ्या टेबलाला प्रदक्षिणा घालून, नेमका एखाद्या पॉकेटमध्ये जाऊन विसावतो. परवा असाच पांढरा बॉल गेल्यावर त्याने क्यू भिंतीला टेकवला आणि टेबल गरजेपेक्षा फास्ट झाले आहे, यावर काही उपाय करायला हवा, असे मत व्यक्त केले. मी त्याला पावसाळ्यात, चादरी धुतल्याच्या दिवशी, यायला सांगितले आहे.